समांतर विश्वांत वाट न चुकता: सुपरहिरोंच्या गोष्टींकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

डिसेंबर २०२१ मध्ये 'स्पायडर-मॅन: नो वे होम' आला आणि एकाच पडद्यावर तीन स्पायडर-मॅन शेजारी शेजारी उभे राहिले. ज्यांनी जुने चित्रपट पाहिले होते ते खूश झाले. ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना प्रश्न पडला: हे तिघे आले कुठून आणि यातला खरा कोणता? मग माणूस उत्साहाने शोधायला बसतो आणि समोर येतं पृथ्वी-६१६, पृथ्वी-१६१०, पृथ्वी-दोन, क्रायसिस, फ्लॅशपॉइंट, सीक्रेट वॉर्स. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागतं आणि तो नाद सोडून देतो.

नाद सोडू नका. हा पसारा मोठा आहे, पण अनाकलनीय नाही. तो समजून घ्यायला सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा: या विश्वांच्या मुळाशी भौतिकशास्त्र कमी आणि संपादकाच्या टेबलावरची अडचण जास्त असते. दर महिन्याला अंक काढायचा, नायक म्हातारा होऊ द्यायचा नाही, जुना वाचक दुखवायचा नाही, नवा वाचकही आणायचा. या ओढाताणीतून एकेक जग जन्माला आलं. एखादं जग कशासाठी तयार केलं ते कळलं की त्याचे नियम आपोआप ध्यानात राहतात. आकडे पाठ करावे लागत नाहीत.

पुढे समजावण्याच्या ओघात काही गोष्टींचे शेवट सांगितले आहेत, तेवढं ध्यानात घ्या.

पायरी १: १९६१ चा एक अंक नीट समजून घ्या

सुरुवात डीसी प्रकाशनाच्या 'द फ्लॅश' मासिकाच्या १२३ व्या अंकापासून करा. त्यावर सप्टेंबर १९६१ छापलं आहे. त्याआधी १९५३ मध्ये वंडर वुमनला दुसऱ्या जगातली तिच्यासारखीच एकजण भेटली होती, पण त्या गोष्टीतून पुढे काही उभं राहिलं नाही. या अंकातून सगळं उभं राहिलं.

अडचण अशी होती. डीसीकडे दोन फ्लॅश होते. पहिला जे गॅरिक, १९४० सालचा, डोक्यावर पंख लावलेलं पोलादी शिरस्त्राण घालणारा. महायुद्धानंतर सुपरहिरोंचा खप घसरला आणि १९४९ मध्ये त्याचं मासिक बंद पडलं. १९५६ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी फ्लॅश पुन्हा आणला, पण माणूस बदलून. नवा फ्लॅश म्हणजे बॅरी ॲलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, अंगभर लाल पोशाख. गंमत म्हणजे पहिल्याच गोष्टीत बॅरी जे गॅरिकचं जुनं कॉमिक वाचताना दिसतो. म्हणजे बॅरीच्या जगात जे गॅरिक हा निव्वळ कॉमिकमधलं पात्र. मग ज्या वाचकांनी लहानपणी जेच्या गोष्टी वाचल्या होत्या, त्यांच्या त्या गोष्टींचं काय झालं? त्या घडल्याच नाहीत?

१९६१ च्या अंकात याचं उत्तर आलं. अनाथ मुलांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात फ्लॅश करामती करून दाखवतो आहे. दोर हवेत उभा करून त्यावर चढायचा खेळ चालू असताना त्याचं शरीर इतक्या वेगाने कंप पावतं की तो मुलांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. भानावर येतो तेव्हा शहर ओळखीचं वाटत नाही. त्याची सेंट्रल सिटी असायला हवी तिथे कीस्टोन सिटी आहे. हे नाव त्याने वाचलेलं असतं, जुन्या कॉमिकमध्ये. तो जे गॅरिकच्या घरी पोहोचतो. समोर येतो कानशिलांवर केस पिकू लागलेला, लग्न झालेला, निवृत्त फ्लॅश. ज्याच्या गोष्टी वाचत आपण मोठे झालो तो माणूस स्वतःच्या घरात जिवंत भेटावा, हा क्षण इतक्या वर्षांनीही जुना वाटत नाही.

मग बॅरी कारण सांगतो. दोन जगं एकाच जागी असू शकतात, फक्त त्यांच्या कंपनांचा वेग वेगळा असला की झालं. रेडिओवर एकाच हवेतून आकाशवाणीची दोन केंद्रं येतात आणि काटा फिरवला की दुसरं लागतं, तसं. आणि जेच्या गोष्टी बॅरीच्या जगात छापल्या कशा गेल्या? तर गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाच्या मनाला झोपेत त्या दुसऱ्या जगाची कंपनं लागत होती. हे फॉक्स खरे होते. १९४० मध्ये जे गॅरिक लिहिणारे तेच आणि १९६१ ची ही गोष्ट लिहिणारेही तेच. आपल्याच जुन्या पात्राला त्यांनी अशी हक्काची जागा दिली.

दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, जस्टिस लीग या डीसीच्या नायकांच्या संघाच्या अंकांत या जगांना नावं मिळाली. नव्या नायकांची ती पृथ्वी-एक, जुन्यांची पृथ्वी-दोन. त्यानंतर १९८५ पर्यंत दर वर्षी दोन्हीकडचे नायक एकत्र येत राहिले.

यातून एक वेगळाच फायदा झाला, आणि माझ्या मते समांतर विश्वांची सगळ्यात मोठी देणगी तीच आहे. मुख्य मासिकात बॅटमनचं वय वाढू शकत नव्हतं. पृथ्वी-दोनवर तसं बंधन नव्हतं. तिथल्या ब्रूस वेनने सेलिना काइलशी, म्हणजे कॅटवुमनशी, लग्न केलं. त्यांना हेलेना नावाची मुलगी झाली. तो त्याच्या गॉथम शहराचा पोलीस आयुक्त झाला आणि १९७९ मध्ये एका झुंजीत गेला. तो कायमचा गेला. मुलगी हंट्रेस म्हणून त्याचं काम पुढे चालवत राहिली. ज्या बॅटमनची बाहुली दुकानात विकायची होती त्याच्या नशिबी असा पूर्ण आयुष्यक्रम कधी येणार नव्हता.

पायरी २: समोरचं जग कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

ढोबळपणे तीन जाती पडतात.

पहिली, शेजारची जगं. ही पहिल्यापासून वेगळीच आहेत, कुणी फोडून तयार केलेली नाहीत. पृथ्वी-दोन या जातीची. पृथ्वी-तीनही त्यातलीच. ती १९६४ मध्ये आली आणि तिथे जस्टिस लीगसारख्याच शक्तींचे लोक गुन्हेगार आहेत. पृथ्वी-एक्सवर दुसरं महायुद्ध नाझींनी जिंकलेलं आहे.

दुसरी, फुटलेली जगं. इथे इतिहास एका ठिकाणापर्यंत सारखाच असतो, मग काही तरी वेगळं घडतं आणि काळाला फाटा फुटतो. मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या प्रकाशकाची बरीचशी जगं या जातीची.

तिसरी, सुटी जगं. लेखकाला एकच गोष्ट सांगायची असते, तिचा मुख्य कथेशी धागा जोडायचा नसतो. डीसीने साठच्या दशकात अशा गोष्टींवर सरळ 'काल्पनिक कथा' असा शिक्का मारला, पुढे त्यांना एल्सवर्ल्ड्स म्हटलं. मार्व्हलने १९७७ मध्ये 'व्हॉट इफ' नावाचं मासिकच काढलं. त्याच्या पहिल्या अंकाचा प्रश्न होता, स्पायडर-मॅन फँटॅस्टिक फोरमध्ये सामील झाला असता तर?

नवख्याने तिसऱ्या जातीपासून सुरुवात करणं उत्तम, कारण मागचं पुढचं काही ठाऊक असावं लागत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की सुटी जगं कायम सुटी राहतातच असं नाही. एखादं जग लोकांना आवडलं की पुढे कधी तरी प्रकाशक त्याला आकडा देऊन मोठ्या नकाशात घेतो.

पायरी ३: फाटा कुठे फुटला ते शोधा

मराठी वाचकाला ही पायरी समजावून सांगायची फारशी गरज नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांनी वाचलेली असते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे १७६१ च्या पानिपतात मराठे जिंकले. सगळा फरक एका गोळीचा. आपल्या इतिहासात ती विश्वासरावांना लागली, त्या जगात कानाजवळून निघून गेली. कथेत सुपरहिरो कुणी नाही, पण सुपरहिरोंच्या फाट्यांची गोष्ट वाचायची पद्धत अगदी हीच: ती गोळी शोधायची.

२००३ चं 'सुपरमॅन: रेड सन' घ्या. गोळी कुठली? क्रिप्टॉन ग्रहाहून लहानग्या सुपरमॅनला घेऊन आलेलं यान अमेरिकेतल्या कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर उतरलं. शक्ती त्याच, मनाचा चांगुलपणा तोच, वाढवणारी माणसं आणि राजवट मात्र निराळी. पुढचं सगळं या एका बदलातून ओघाने येतं. असं ओघाने येत असेल तर गोष्ट चांगली समजा. एक बदल सांगून लेखक भलतेच दहा बदल घुसडत असेल तर गोंधळलात यात तुमचा दोष नाही.

वाचताना जवळ एक वही ठेवा. एका ओळीत चार गोष्टी लिहा: जगाचं नाव, गोष्ट छापली ते साल, फाट्याची जागा, आणि तिथे ये-जा कोण करू शकतं. चौथी गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

पायरी ४: भूतकाळात गेल्यावर काय होतं ते तपासा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. नव्या वाचकांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, कारण दोन मोठ्या प्रकाशकांची याबाबतची रीत वेगवेगळी आहे. दोन माणसांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट दिसतो.

पहिला माणूस बेन ग्रिम, फँटॅस्टिक फोरमधला द थिंग. अंगाचा दगड झालेला, मनाने हळवा. १९७९ मधल्या 'मार्व्हल टू-इन-वन'च्या ५० व्या अंकात त्याला कळतं की संघातला शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स याच्याकडचं औषध आता त्याच्यावर चालणार नाही. त्याचं शरीर बदलत बदलत फार पुढे गेलं आहे. हेच औषध सुरुवातीच्या दिवसांत मिळालं असतं तर लागू पडलं असतं. बेन औषध घेऊन त्यांचा शत्रू डॉक्टर डूम याच्या कालयंत्रातून भूतकाळात जातो. तिथे त्याची गाठ पडते स्वतःशीच, त्या पहिल्या चिडलेल्या, कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या थिंगशी. दोघांची तुंबळ मारामारी होते. शेवटी तो त्याला औषध देतो आणि समोरचा बेन पुन्हा माणूस होतो. आपला बेन घाईघाईने परत येतो, आणि अजून दगडाचाच असतो. रीड समजावतो: तू तुझा भूतकाळ बदलला नाहीस, एक नवा फाटा तयार केलास. त्या फाट्यावरचा बेन बरा झाला. तू तसाच राहिलास.

मार्व्हलची रीत ही. मागे जाऊन काही बदललं तर नवं जग फुटतं, तुमचं जग जसंच्या तसं राहतं. २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' मध्ये हल्क सोबत्यांना समजावतो ते हेच.

दुसरा माणूस बॅरी ॲलन. २०११ च्या 'फ्लॅशपॉइंट' मध्ये तो मागे जाऊन आपल्या आईचा खून टाळतो. परत येतो तर त्याचं स्वतःचं जगच बदललेलं. त्याला शक्ती नाहीत. समुद्रातलं अटलांटिस आणि ॲमेझॉन या योद्ध्या स्त्रिया यांच्या युद्धात युरोप उद्ध्वस्त झाला आहे. गॉथमच्या ज्या गल्लीत ब्रूस वेनच्या आईवडिलांचा खून झाला होता, तिथे त्या रात्री त्यांच्याऐवजी लहानगा ब्रूस मेला आणि बॅटमन झाला त्याचा बाप, थॉमस वेन. इथे नवा फाटा नाही. आहे तोच इतिहास पुसून पुन्हा लिहिला गेला. ते निस्तरायचं तर बॅरीला आईला पुन्हा मरू द्यावं लागतं. निघताना थॉमस त्याच्या हाती मुलासाठी एक पत्र देतो. शेवटच्या पानांत बॅरी ते आपल्या जगातल्या ब्रूसला नेऊन देतो आणि ब्रूस वेन ते वाचून रडतो. समांतर जगातल्या बापाने लिहिलेलं पत्र त्याला मिळू शकलं, ही एका समांतर विश्वाची पुरेशी कमाई आहे असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही रीती कायम पाळल्या जात नाहीत. मार्व्हलनेच १९९५ मध्ये 'एज ऑफ अपोकलिप्स' मध्ये चार महिने एक्स-मेनची सगळी मासिकं बदललेल्या इतिहासात नेली होती. म्हणून नवी गोष्ट हातात घेतली की पहिला प्रश्न हाच विचारा: इथे बेनचा कायदा चालतो की बॅरीचा? बेनचा असेल तर मूळ जग सुरक्षित आहे, चिंता फक्त नव्या जगातल्या माणसांची. बॅरीचा असेल तर सगळंच पणाला लागलेलं असतं.

पायरी ५: आकड्यासोबत साल वाचा

आकडे ही फक्त ओळखपत्रं आहेत आणि ती बदलतात. मार्व्हलच्या मुख्य विश्वाला ६१६ म्हणतात. हा आकडा ब्रिटनमध्ये छापल्या जाणाऱ्या कॅप्टन ब्रिटनच्या गोष्टींतून ऐंशीच्या दशकात आला. चित्रपटांच्या विश्वाला प्रकाशकांच्या संदर्भग्रंथांत १९९९९९ हा आकडा दिला होता, पण २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंज चित्रपटात त्याच जगाला ६१६ म्हटलं गेलं. डीसीत १९६३ ची पृथ्वी-दोन वेगळी आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या मासिकातली पृथ्वी-२ वेगळी. तेव्हा कुणी नुसता आकडा सांगितला तर कुठल्या सालचा ते विचारा. बहुतेक वाद तिथेच मिटतात.

पायरी ६: पलीकडे जायला काय मोजावं लागतं ते बघा

१९६१ मध्ये बॅरी गेला आणि आला, काही बिघडलं नाही. तेव्हा ते चाललं, कारण कल्पनाच नवी होती. आज जी गोष्ट ये-जा फुकट ठेवते ती लवकर पातळ होते. एक जण मेला तर शेजारच्या जगातून दुसरा आणता येत असेल तर वाचकाने जीव का लावायचा?

२०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' मध्ये परक्या जगात फार वेळ राहिलं तर शरीर विस्कटत जातं, त्यामुळे प्रत्येकाला घरी जाणं भाग आहे. 'नो वे होम' मध्ये दारं बंद करायची किंमत म्हणजे पीटर पार्करला, स्पायडर-मॅनमागच्या मुलाला, साऱ्या जगाने विसरणं. डीसीच्या जुन्या गोष्टींत फ्लॅश एका खास ट्रेडमिलवर धावून कंपनं जुळवायचा, म्हणजे प्रवास त्याच्याच पायांवर अवलंबून. साधन कुठलंही असो, कोण जाऊ शकतं आणि त्याला काय गमवावं लागतं, एवढं तुमच्या वहीत आलं पाहिजे.

इथे एका मुंबईकराची गोष्ट सांगायलाच हवी. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी भारतीय वाचकांसाठी 'स्पायडर-मॅन: इंडिया' केलं. पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा खेड्यातून मुंबईत येतो. सोबत माया मावशी आणि भीम काका, शाळेत मीरा जैन. कोळी चावत नाही, एका योग्याकडून शक्ती मिळते. पोशाखात धोतर. हे तेव्हा अगदी सुटं जग होतं, पायरी २ मधल्या तिसऱ्या जातीचं. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, 'स्पायडर-व्हर्स' या मोठ्या कथानकात जगोजगीचे स्पायडर-मॅन एकत्र आणले गेले आणि पवित्रही नकाशावर आला.

२०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' मध्ये तो पडद्यावर दिसला, मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत मिसळलेल्या मुंबॅटनमध्ये. भारतात हा चित्रपट मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. आणि त्यातला सगळ्यात कडक नियम मुंबॅटनमध्येच आपल्यासमोर घडतो. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही दुःखं अटळ आहेत, ती टाळली तर ते जग कोसळतं, असं जगोजगीच्या स्पायडर-मॅनचा म्होरक्या मिगेल ओ'हारा मानतो. चित्रपटाचा नायक, दुसऱ्या जगातला स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस तिथे इन्स्पेक्टर सिंगना वाचवतो. ते पवित्रच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे वडील. आणि मुंबॅटनच्या जमिनीला भगदाड पडतं. हा निसर्गाचा नियम आहे की मिगेलची समजूत, यावर पुढचा सगळा चित्रपट उभा आहे. नियम पात्रांच्या तोंडून कळला असेल तर तो खरा असेलच असं धरून चालू नका. सांगणाऱ्याला तो खरा ठरायला हवा आहे का, तेही बघा.

पायरी ७: 'क्रायसिस' दिसलं की हिशेब कुणाचा चालू आहे ते विचारा

मोठ्या कथानकांत जगं नष्ट होतात, एकमेकांवर आदळतात, एकत्र होतात. तिथे संपादकाचं टेबल सगळ्यात स्पष्ट दिसतं.

ऐंशीच्या दशकापर्यंत डीसीच्या जगांची संख्या इतकी वाढली होती की नवा वाचक बिचकतो असं प्रकाशकांना वाटू लागलं. डीसीच्या पन्नाशीच्या सुमारास, १९८५-८६ मध्ये, मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' हे बारा अंकांचं कथानक केलं. अँटी-मॉनिटर नावाचा खलनायक एकामागून एक विश्वं गिळत जातो. सातव्या अंकात सुपरमॅनची चुलत बहीण सुपरगर्ल मरते, आठव्यात बॅरी ॲलन. शेवटी उरलेल्या पृथ्व्या मिळून एकच होते, एकाच इतिहासाची.

या एकत्रीकरणाची खरी झळ समजून घ्यायची असेल तर सुपरगर्लकडे बघा. सातव्या अंकाच्या मुखपृष्ठावर तिचा मृतदेह हातांत घेऊन टाहो फोडणारा सुपरमॅन आहे. पुढे नव्या इतिहासात ती कधी अस्तित्वातच नव्हती असं ठरलं. ज्याने तो टाहो फोडला त्यालाही ती आठवत नाही. जुनी विश्वं आठवणारा सायको-पायरेट शेवटच्या पानावर बांधून ठेवलेला दिसतो. म्हणून कुठलंही क्रायसिस वाचून झालं की मेलं कोण यासोबत हेही लिहून ठेवा: नंतर कुणाला काय आठवतं?

साफसफाईतून नवे घोळही झाले. पॉवर गर्ल ही पृथ्वी-दोनच्या सुपरमॅनची चुलत बहीण. आता पृथ्वी-दोन नाही, आणि नव्या इतिहासात सुपरमॅन हा क्रिप्टॉनचा एकटाच वारस. मग ही कोण? तिला अटलांटिसच्या एका मांत्रिकाची वंशज ठरवलं गेलं. ते कुणाला पटलं नाही. २००५ च्या सुमारास तिला तिची जुनी ओळख परत मिळाली. पुढे २००७ पर्यंत ५२ पृथ्व्या झाल्या, २०११ च्या फ्लॅशपॉइंटनंतर इतिहास पुन्हा मांडला गेला, २०२२ मध्ये विश्वं पुन्हा अगणित झाली. जे मोडलं ते परत आलं, कारण त्या जगांवर माणसांचा जीव होता. यातली प्रत्येक घडामोड तपशिलात माहीत असायची गरज नाही. तुमच्या हातातलं पुस्तक १९८५ च्या आधीचं, १९८६ ते २०११ मधलं की त्यानंतरचं, एवढं पाहिलं तरी डीसीत बहुतेक वेळा निभावतं.

मार्व्हलचा मोठा हिशेब २०१५ चा. २००० साली त्यांनी 'अल्टिमेट' नावाने पृथ्वी-१६१० सुरू केली होती, कारण मुख्य विश्वाचा दशकांचा इतिहास नव्या वाचकाला जड जात होता. तिथेच २०११ मध्ये माइल्स मोरालेस आला. 'सीक्रेट वॉर्स' मध्ये ६१६ आणि १६१० एकमेकांवर आदळल्या आणि दोन्ही संपल्या. डॉक्टर डूमने तुकडे जोडून एक जग उभं केलं, आणि शेवटी मुख्य विश्व पुन्हा घडवलं गेलं. अल्टिमेट बंद झालं. पण माइल्स इतका लोकप्रिय होता की त्याला टाकून देणं शक्य नव्हतं. कथेत त्याची सोय कशी झाली ते बघा. ज्या मॉलिक्यूल मॅनच्या शक्तीवर सगळं चाललं होतं तो भुकेला असतो. माइल्स खिशातला शिळा बर्गर त्याला देतो. त्याची परतफेड म्हणून माइल्सला नव्या विश्वात जागा मिळते, आणि तिथे त्याची मेलेली आई, रिओ, जिवंत असते. संपादकाची गरज आणि मुलाचा चांगुलपणा एकाच प्रसंगात इतके घट्ट विणलेले क्वचित सापडतात.

पायरी ८: कुठून सुरुवात करायची

चित्रपटांकडून येत असाल तर आधी २०१८ आणि २०२३ चे दोन्ही स्पायडर-व्हर्स पाहा. घरात मुलं असतील तर एकत्र पाहा, दुसरा मराठीत पाहायला मिळाला तर उत्तम.

मग वाचन. पहिला तो १९६१ चा फ्लॅशचा अंक. एका बैठकीत संपतो आणि मोठ्या संकलनांत छापलेला असतो. त्यानंतर 'रेड सन', संपूर्ण गोष्ट एका पुस्तकात. मग 'फ्लॅशपॉइंट', मुख्य पाच अंकच. त्याला जोडून निघालेल्या उपकथा तूर्त सोडून द्या. एवढं झालं की १९८५ चं 'क्रायसिस' घ्या. ते दाटीवाटीचं आहे, पानापानावर पात्रांची गर्दी आहे, सगळे ओळखू येणार नाहीत. अडून बसू नका. पेरेझ यांची चित्रं नीट बघत पुढे जा.

'सीक्रेट वॉर्स'ने मात्र सुरुवात करू नका. त्याआधी जोनाथन हिकमन यांनी अ‍ॅव्हेंजर्सच्या मासिकांत काही वर्षं रचलेल्या गोष्टीचा तो शेवट आहे, आणि सुरुवात ठाऊक नसेल तर डूम तिथे का आहे हेच कळत नाही. २०१४-१५ चं ग्रँट मॉरिसन यांचं 'मल्टिव्हर्सिटी' अप्रतिम आहे, त्यासोबतचा डीसीच्या विश्वांचा नकाशा तर भिंतीवर लावण्याजोगा, पण तेही थोडं उशिरा.

अगदी आजचं काही हवं असेल तर दोन सोप्या वाटा आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमन', जिथे ब्रूस वेनकडे पिढीजात संपत्ती नाही. आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला नवा 'अल्टिमेट स्पायडर-मॅन', हिकमन यांनी लिहिलेला. यातला पीटर पार्कर बायको आणि दोन मुलं असलेला संसारी माणूस आहे आणि शक्ती त्याला त्या वयात मिळते. मुख्य विश्वात पीटर आणि मेरी जेनचं लग्न २००७ मध्ये इतिहासातून पुसून टाकलं गेलं होतं आणि वाचकांनी त्याबद्दलची हळहळ कधी सोडली नाही. आता वही उघडा आणि हे जग कशासाठी तयार केलं असेल ते त्या ओळीत लिहा. मग पहिला अंक वाचायला घ्या.